खुंटीवरचा उष्टा नान

मी एक नान बोलतोय. साधा, गव्हाचा, गोल नान. माझ्या एका कडेला दातांनी तोडलेली चंद्रकोरीसारखी खाच आहे. म्हणजे मी उष्टा आहे. पण या घरात मला उष्टा म्हणून कुणी टाकलं नाही. उलट पांढऱ्या रुमालात बांधून खिडकीशेजारच्या खुंटीला टांगलं. ते का, हेच सांगायचं आहे. सांगताना माझा आवाज कापरा वाटला तर समजून घ्या. जन्मल्यापासून मला भीतीच वाटत आली आहे.

पहिली भीती विस्तवाची. कुल्याश अपाने, म्हणजे या घरच्या म्हातारीने, पहाटे नमाज झाल्यावर कणीक मळली, देवाचं नाव घेतलं आणि मला लोखंडी तव्यात घातलं. वरून दुसरा तवा उपडा टाकला आणि सगळं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलं. वर अंधार, खाली आग. मला वाटलं, झालं, संपलं. पण म्हातारीचा हात अंदाजाला पक्का होता. वेळेवर तिने मला बाहेर काढलं, राख झटकली, पाठीवरून लोणी फिरवलं आणि म्हणाली, "बघ, कसा सोन्यासारखा झालास."

तेवढ्यात मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि माझी दुसरी भीती जन्माला आली. समोर झायसान सरोवर होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. नुसतं पाणी, राखाडी, हलणारं, आभाळापर्यंत. नानाला पाण्याची भीती असायचीच. आम्हांला पाणी लागलं की आमचा लगदा होतो.

त्या दिवशी गावात सणासारखी गडबड होती. मासे अंडी घालतात त्या दिवसांत सरोवरावर बंदी असते. होड्या काठावर उपड्या पडतात. पुरुष घरात बसून जाळी दुरुस्त करतात आणि बायकांच्या कामात नाक खुपसतात. ती बंदी आज उठली होती. अपाचा मुलगा तोलेगेन पहिल्या होड्यांबरोबर निघणार होता. सोबतीला शेजारच्या प्रोखोरचा मुलगा येगोर. तो लग्नाला आलेला जवान गडी होता.

प्रोखोर म्हणजे रशियन म्हातारा. सगळा जन्म याच काठावर गेला. निरोप द्यायला तो आला आणि दारातच उभा राहून पाण्याची खबर सांगू लागला.

"पाणी अजून हाताला चावतंय. बर्फ वितळला तरी थंडी तळाशी बसून आहे. सुदाक मासा खालीच असेल, अंडी राखून राखून रोडावलेला. जाळं खोल सोडा."

"आणि साझान?" तोलेगेनने बूट चढवता चढवता विचारलं.

"साझानला ऊन लागतं. बोरूच्या बेटांत पाणी तापलं की तो येतो. अजून यायचा नाही. त्याच्या मागे वेळ घालवू नका. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की आडोसा धरा. आणि या येगोरकडे लक्ष ठेव. याला होडी म्हणजे घोडा वाटतो."

"घोड्यावर तरी कुठे बसू दिलंत, बाबा?" येगोर म्हणाला.

सगळे हसले. त्या हसण्यातच तोलेगेनची बायको जानिलने सहज विचारलं, "जाळी कुठे टाकणार या खेपेला?"

हसणं थांबलं. अपशकुन टळावा म्हणून प्रोखोर डाव्या खांद्यावरून मागे थुंकला. अपा चुलीत बघू लागली. जानिल ओस्केमेन शहरातली. लग्न होऊन तिला फार काळ झाला नव्हता.

"सुनबाई," प्रोखोर हळूच म्हणाला, "निघालेल्या कोळ्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं. पाणी ऐकतं."

"मग परत कधी येणार, हे विचारू?"

"तेही नको. आल्यावर काय शिजवू, एवढंच विचार."

जानिलचे कान लाल झाले. तोलेगेनने जाता जाता तिच्या डोक्यावरचा रुमाल जरा पुढे ओढला. तेवढीच त्याची समजूत काढायची रीत.

मग अपाने मला दोन्ही हातांनी उचलून लेकाच्या तोंडापुढे धरलं. लांब जाणाऱ्याने घरच्या नानाचा एक घास तोडायचा, आणि उरलेला त्याच्यासाठी टांगून ठेवायचा. तो परत येईल आणि स्वतःच संपवील. तोपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. या घरातून अपाचा नवराही असाच घास तोडून जात असे आणि परत येत असे. शेवटी तो गेला तो अंथरुणात, म्हातारा होऊन.

तोलेगेनने दात लावले. दुखलं नाही. "उरलेला मीच खाणार," तो तोंडात घास ठेवून म्हणाला, "कुणाला देऊ नकोस."

आता माझी अवस्था बघा. मी खुंटीवर, आणि माझा एक घास त्या माणसाच्या पोटात. तो पाण्यावर गेला म्हणजे मीही थोडा पाण्यावर गेलो. पाण्याला भिणारा मी.

पहिले काही दिवस बरे गेले. रुमालाची एक कड सुटली होती, तिच्यातून मला खिडकी दिसत होती. जवळ जाळी टाकणाऱ्या होड्या संध्याकाळी परत येत. जानिल काठावर जाऊन येई आणि अपाला सांगे. सुदाक मिळतोय, पण थोडा, आणि पोट आत गेलेला. जाळ्यांत माशांपेक्षा बर्फाने मोडलेला बोरूच जास्त येतोय. कुणाला चपटे तिरान बरे मिळाले. वितळलेल्या बर्फाने नदी गढूळ झाली आहे आणि मासा त्या गढूळ पाण्याच्या कडेने फिरतोय.

"आपली होडी दूर गेली असणार," अपा म्हणायची. "दूर गेली म्हणजे येताना भरून येईल."

रोज पहाटे ती माझ्यापाशी येऊन रुमालावरून हात फिरवी आणि विचारी, "आहेस ना?" मी असायचो. पण मला वेगवेगळ्या भीती वाटू लागल्या होत्या. छताच्या तुळईवर उंदीर होता. त्याला माझा वास लागला होता. आणि अंगावर बुरशी धरली तर? अपा ती बघेल आणि तिला काय वाटेल? मी जीव खाऊन कोरडा होत राहिलो. कडक झालो तर बुरशी धरणार नाही, एवढंच मला कळत होतं.

मग तो वारा आला.

दुपारी सुटला आणि संध्याकाळी थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पश्चिमेकडची धूळ घेऊन आला आणि सरोवर दिसेनासं झालं. खिडकीत नुसता पिवळा पडदा. त्याच्या मागे लाटांचा आवाज. हे सरोवर मोठं असलं तरी खोल नाही. वाऱ्यात त्याच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडीला श्वास घेऊ देत नाहीत. एकेक करून बाकीच्या होड्या परतल्या. कुणी जाळी सोडून आलं, कुणी मासे पाण्यात टाकून होडी हलकी करून आलं. तोलेगेन आणि येगोर आले नाहीत.

गावची माणसं शोधायला निघाली आणि काठाकाठाने थोडं जाऊन परत आली. पाणी पुढे जाऊ देत नव्हतं. आणि जायचं तरी कुठे? नदीच्या मुखाशी, का उत्तरेच्या खडकांखाली, का पूर्वेच्या बोरूत? कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. एकीने विचारलं, तर तिला गप्प केलं होतं.

त्या संध्याकाळी जानिल चुलीपाशी बसून म्हणाली, "अपा, मी विचारलं म्हणून झालं का हे?"

अपाने बराच वेळ चूल फुंकली. मग म्हणाली, "नाही, पोरी. आम्ही उत्तर दिलं नाही म्हणून झालं."

शुक्रवार आला. दर शुक्रवारी अपा पितरांच्या नावाने सात पातळ पोळ्या तळते आणि सात घरी वाटते. त्या दिवशी तिने तेलाचा वास आढ्यापर्यंत जाऊ दिला, वर गेलेल्यांना नीट पोचावा म्हणून. पोळ्या उलटताना ती नवऱ्याशी बोलत होती. "तुमचं पोर आहे. तुम्ही तिकडे नुसते बसून आहात, जरा हात लावा." मागणं तिचं एवढंच होतं. ती रडली नाही. मी मात्र खुंटीवर आतून तडकत होतो.

दुसऱ्या दिवशी वारा जरा पडला, धूळ तशीच राहिली. जानिल अंगणात बादली धूत होती. एकदम बादली पडल्याचा आवाज आला आणि ती आत धावली.

"अपा, ते येताहेत. तिघं."

मी खिडकीतून पाहिलं. पुढे गावचे सगळ्यांत वडील, पांढऱ्या दाढीचे इमानकुल. सून म्हणून जानिल त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्यामागे मुल्ला. आणि शेवटी प्रोखोर, टोपी हातात घेऊन, उघड्या डोक्याने. तिघं हात मागे बांधल्यासारखे, सावकाश, एकमेकांशी अवाक्षर न बोलता चालत होते.

इथे मरणाची बातमी एकटा माणूस सांगत नाही. वडीलधारे मिळून येतात, बसतात, गुराढोरांची चौकशी करतात, वाऱ्यापावसाचं बोलतात, आणि मग लांबून लांबून त्या गोष्टीपाशी येतात. लहान मुलालाही ते ठाऊक असतं. असे तिघं रस्त्याने दिसले की बायका दारात उभ्या राहून बघतात, कुणाच्या घराकडे वळतात ते.

ते आमच्या घराकडे वळले.

अपाने डोक्याचा रुमाल नीट केला. गालिचावर मेजकापड पसरलं. तिघं बसले. कुणी कुणाकडे बघेना.

"गुरं बरी आहेत ना?" इमानकुलांनी विचारलं.

"बरी आहेत."

"वारा फार झाला या खेपेला."

"झाला."

मुल्ला घसा खाकरले. प्रोखोर टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. त्याचे डोळे सुजले होते. त्याचाही मुलगा त्याच होडीत होता ना. इमानकुलांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अपा उठली. सरळ माझ्यापाशी आली. तिने रुमालाची गाठ सोडली. मी ओरडलो असतो, मला तोंड असतं तर. मला खाली काढू नका. तो अजून आलेला नाही. तोंडाने म्हणालाय तो, मीच खाणार म्हणून.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भयंकर वाटला. "आधी त्याचा वाटा तुम्ही खा. मग सांगा."

आणि तिने मला मोडलं.

मी कडक झालो होतो. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. एक तुकडा इमानकुलांपुढे, एक मुल्लांपुढे. दातांची खाच असलेला तुकडा तिने प्रोखोरच्या हातात दिला. मी त्या तुकड्यात होतो. अजून आहे.

इमानकुलांचे हात हवेतच राहिले. "कुल्याश, हे काय केलंस? अगं, आम्ही कढई मागायला आलो होतो."

"कढई?"

"तुझी मोठी. सगळ्या गावाने काठावर प्रार्थना करून एकत्र जेवायचं ठरवलंय, होडी परत यावी म्हणून. तुझ्यापुढे ते बोलायचं म्हणजे आम्ही घाबरलोय हे तुला सांगणंच की. त्यात गेल्या वर्षी तुझ्या कढईचा कान मोडून परत केला होता. लाज वाटत होती. म्हणून जीभ उचलेना."

"म्हणजे बातमी नाही?"

"काही बातमी नाही. चांगली नाही, वाईट नाही."

अपा म्हणाली, "दाढ्या पांढऱ्या झाल्या तुमच्या. कढईसाठी असं तिघांनी मिळून चालत येतात का कुणी? आणि तू रे प्रोखोर, टोपी का काढलीस?"

"वाऱ्याने उडत होती," प्रोखोर पुटपुटला.

एरवी कुणी हसलं असतं. अपाने मेजकापडावरच्या तुकड्यांकडे पाहिलं. मुलगा पाण्यावर असताना त्याचा नान तिने स्वतःच्या हाताने मोडला होता. आता मात्र ती रडली. जानिल तिला धरून बसली. बाकीचे तुकडे रुमालात गोळा करताना जानिलकडून कण गालिचावर सांडले, आणि मुल्लांनी एकेक कण वेचून तिच्या ओंजळीत घातला.

"मोडलाय," प्रोखोर म्हणाला. "खाल्लाय कुठे कुणी?" त्याने मला हातरुमालात गुंडाळलं आणि छातीवरच्या खिशात ठेवलं. "माझं पोरही त्याच होडीत आहे. हा मी सांभाळतो. चल कुल्याश, कढई दे. मेंढा माझा."

त्या खिशात तंबाखूचा वास होता आणि माशाचा. आणि त्याच्याखाली म्हाताऱ्याचं काळीज माझ्यापेक्षा जास्त घाबरून उडत होतं. दुसऱ्याच्या भीतीला इतकं चिकटून मी कधी राहिलो नव्हतो. सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्याने मला जरा धीर आला.

काठावर सगळा गाव जमला होता. कढईचा मोडका कान तारेने बांधला. कोरडं जळण मिळेना, तेव्हा काठावर वाहून आलेला ओला बोरू आणि वाळुंजीच्या फांद्याच आगीत घातल्या. धूर इतका झाला की बायका खोकून खोकून बेजार झाल्या. इमानकुल आग लावणाऱ्याला रागावले, "मेंढा शिजवतोयस का माणसं?" वारा आता अगदी पडला होता. तो काळा धूर सरळ खांबासारखा त्या पिवळ्या धुळीच्या वर चढत गेला.

प्रोखोर पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याने मला खिशातून काढलं. हातरुमाल सोडला. पाणी त्याच्या बुटांना लागत होतं. माझ्यावर तुषार उडाले. मला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती. रशियन कोळी कधी कधी पाण्याला नानाचा तुकडा देतात, हे मी त्यांच्याच बोलण्यात ऐकलं होतं. त्याचा हात पुढे झाला.

"प्रोखोर काका," जानिल मागून म्हणाली, "तो त्यांचा आहे."

हात तसाच थांबला. "देत नव्हतो, सुनबाई," तो म्हणाला. "नुसता दाखवत होतो."

मुल्लांची प्रार्थना चालू होती. सगळ्यांच्या ओंजळी वर, सगळ्यांचे डोळे मिटलेले. जानिलचे मिटलेले नव्हते. म्हणून तिला पहिल्यांदा दिसलं. धुळीत एक काळा ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी वरखाली होतंय. वल्ही. ती अपाचा हात ओढत राहिली, ओढत राहिली, शेवटी अपाने डोळे उघडले.

होडी वाळूला लागली तेव्हा तोलेगेनचं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं होतं. येगोरच्या तळहातांची सालं निघाली होती. लोक पाण्यात शिरले. मला त्या हातांच्या गर्दीत काही दिसेना. फक्त प्रोखोरचा आवाज ऐकू आला. ज्याने विचारू नका म्हटलं होतं, तोच विचारत होता.

"कुठे होतात रे? कुठे होतात?"

कुणी खांद्यावरून थुंकलं नाही.

"पूर्वेच्या बोरूत, काका," तोलेगेन म्हणाला. त्याचे शब्द फुसफुसत होते. "वाऱ्याने बोरूचं एक तरंगतं बेटच आमच्यावर आणून घातलं. बाहेर पडायची वाटच बंद झाली. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकून ते बंद पडलं, जाळं सोडवताना वल्ह्याचा दांडा माझ्या दातावर. बाहेर पडलो तर धुळीत दिशा कळेना. कालपासून नुसतं गोल फिरतोय. मग आज धूर दिसला. हा म्हणाला, एवढा धूर म्हणजे कुणाकडे तरी मोठं जेवण आहे."

"आमच्यासाठीच आहे हे ठाऊक असतं तर आणखी जोरात वल्हवलं असतं," येगोर म्हणाला. "घोडा नीट धरला मी, बाबा."

प्रोखोरने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि हात तिथेच ठेवला.

होडीत जाळं अर्धंच उरलं होतं. तळाशी थोडेसे सुदाक होते, आणि त्यांच्यावर एक साझान, लहान मुलाएवढा, सोनेरी खवल्यांचा, ओल्या बोरूत गुंडाळून जिवंत ठेवलेला.

"बोरूत पाणी तापलं होतं, काका," तोलेगेन म्हणाला. "तुम्ही म्हणालात, यायचा नाही."

"मी पुष्कळ काही म्हणतो," प्रोखोर म्हणाला. "पुढच्या खेपेला निघताना कुठे जाताय ते या सुनबाईला सांगून जा. पाणी ऐकतं तर ऐकू दे."

आता मी तोलेगेनच्या हातात आहे. काठावरच, कढईपाशी. बाकीचे तुकडे रुमालातून काढून अपाने त्याच्या मांडीवर ठेवले आहेत.

"याचा असा भुगा कुणी केला?" त्याने विचारलं.

"तू आलास ना? गप खा," अपा म्हणाली. इमानकुल दाढीतल्या दाढीत काहीतरी बोलले आणि कढईच्या कानाकडे बघू लागले.

त्याने मला आधी तोंडाशी नेलं आणि माझ्या खाचेवरच दात लावले. मी दगडासारखा झालोय, आणि त्याचा पुढचा दात आता सरोवरात आहे. त्याच्याने मी तुटेना. तेव्हा जानिलने दुधाचा, मीठ घातलेला चहा वाडग्यात ओतून त्याच्यापुढे ठेवला. वाफ माझ्या अंगाला लागते आहे.

मला फार बोलता येणार नाही. जाता जाता एक मागतो. तुमच्या घरचं कुणी बाहेर गेलं असेल, तर कुठे जातोस हे मोकळेपणी विचारा, आणि त्याच्या वाट्याचं झाकून ठेवा. जेवणात उशीर झाला तरी, बातम्या वाईट असल्या तरी. आणि कुणी हात मागे बांधून दाराशी आलं, तर आधी त्याला बोलू द्या. त्याला कदाचित कढईच हवी असेल.

तोलेगेनने मला वाडग्यावर धरलं आहे. खाली पाणीच आहे. तपकिरी, वाफाळतं, हलणारं. मला भीती वाटतेच आहे, खोटं कशाला बोलू. पण हात त्याचा आहे, आणि माझा पहिला घास केव्हाचा माझी वाट पाहत त्याच्यापाशी थांबला आहे.

त्याने मला बुडवलं.